दस्तीखालचा अंगठा

नवा हरभरा यार्डात यायला लागला की लातूरच्या हवेत एक बारीक पिवळी धूळ चढते. ती कॉलरवर बसते, चहाच्या कपात बसते आणि घशात तर अशी बसते की दुपारपर्यंत माझ्या आवाजाची करवत होते. आडतीवरचे हमाल म्हणतात, मालकाचा आवाज बसला की भाव चढतो. खरं काय ते मला माहीत आहे. या दिवसांत माझा आवाज धुळीनं कमी आणि चिडण्यानं जास्त बसतो. आडतीमागच्या आंब्याला मोहोर येतो, कोरडवाहू रानात करडई वाळून काट्यावर येते, आणि कॉलेजांत प्रात्यक्षिक परीक्षा लागतात. हा हंगाम मी नांदेडला, कॉलेजच्या पहिल्या वर्षी पाहिला. त्यानंतर तो दरवर्षी येतो आणि तोच जुना घास पुन्हा चावायला लावतो.

यंदा तो थेट घरात शिरला. माझी मुलगी प्रणिता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिनं मानसशास्त्र घेतलं आहे. आमच्या लातुरात गल्लीगल्लीत फिजिक्सचे क्लास. डॉक्टर नाहीतर इंजिनियर, मधलं काही कुणाला दिसत नाही. एका डाळमिलवाल्यानं भर लिलावात मला विचारलं, "शेठ, पोरगीनं मानसशास्त्र घेतलं म्हणं. येड्यांचा दवाखाना टाकून राहिले का?"

"हाव," मी म्हणालो, "पहिली खाट तुमच्यासाठी राखून ठेवली हाय."

लोक हसले. पण त्या दिवशी त्याच्या बोलीवर मी माल दिला नाही.

प्रणितानं हा विषय का घेतला ते मी विचारलं नाही. मी का घेतला होता ते तिनं विचारलं असतं, म्हणून.

"पप्पा," परवा जेवताना ती म्हणाली, "माझं प्रॅक्टिकल आहे. सब्जेक्ट लागतो. तुम्ही याल का?"

सब्जेक्ट म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. आमच्या पुस्तकात त्याला 'प्रयुक्त' म्हणत. शर्यतीला जशी आपली बैलजोडी आपणच न्यायची, तसा मानसशास्त्राच्या परीक्षेला आपला माणूस आपणच घेऊन जायचा असतो. प्रश्न विचारणारा एक, उत्तरं देणारा दुसरा. हा विषय एकट्यानं शिकता येत नाही. हे मला जितकं कळलंय तितकं तिच्या सरांनाही कळलं नसेल.

"आईला ने."

"आईवर सगळे प्रयोग करून झालेत. तिला उत्तरं पाठ आहेत."

स्वयंपाकघरातून सुरेखा म्हणाली, "आता मला हातात घड्याळ घेतलेलं माणूस दिसलं की घाम फुटतो."

"मी न्हाई येणार."

माझा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला.  मग प्रणिता तिच्या नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणाली, "सब्जेक्ट नसला तर बसू देत नाहीत, पप्पा. दुसऱ्या कुणाला मी नेणार नाही. तुम्ही विचार करा."

मी विचार करायला गच्चीवर गेलो. विचार कुठला, मनानं गेलो तो सरळ माझ्या गावच्या, उमरीच्या स्टेशनावर.

माझे बाबा हेडी होते. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारात घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून देणारा माणूस. आमच्याकडे गुराचा भाव तोंडानं बोलत नसत. दोघं समोरासमोर बसत, हातात हात घेत, वरून एक दस्ती टाकत आणि त्या कापडाखाली बोटं दाबून भाव सांगत. वर गप्पा चालायच्या पावसाच्या, पाहुण्यांच्या, आणि खाली बोटं भांडायची. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असोत, भाव त्या दोन हातांपलीकडे जायचा नाही. सौदा मोडला तरी कोणी किती मागितला आणि कोणी किती दिला हे कुणी कधी उघडं करत नसे. लबाडी सगळ्या बाजारात होती. दातांत होती, शिंगांना लावलेल्या तेलात होती. दस्तीखाली मात्र नव्हती.

अशा घरातला मी. प्रवेशाच्या रांगेत पुढच्या पोरानं सांगितलं की मानसशास्त्रात समोरच्याच्या मनातलं ओळखायला शिकवतात. मी मनात म्हणालो, हा तर आपल्या धंद्याचा विषय, आणि अर्जावर खूण केली.

मन ओळखायला कुणी शिकवलं नाही. पण ती प्रयोगशाळा मला आवडली. वरच्या मजल्यावरची लांबट खोली, खिडक्यांना काळे पडदे, पडद्यांमागे पारवे घुमत. एका टेबलावर आरसा उभा केलेला. कागदावरची चांदणी फक्त आरशात बघायची आणि पेन्सिलनं गिरवायची. हात लाकडी आडोशामागे. मला वाटे, हीसुद्धा दस्तीच आहे, फक्त लाकडाची. माझा हात तिथं हटकून उलट्या दिशेला जाई आणि मी पेन्सिल आपटे. मॅडम म्हणत, "चिडलात तर चांदणी आणखी मोठी होते." मॅडम परभणीच्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्याच तासाला त्यांनी एक गोष्ट सगळ्यांकडून लिहून घेतली होती. प्रयुक्ताचं नाव कधी लिहायचं नाही, आद्याक्षर फक्त. तो या टेबलावर जे बोलला, जसा वागला, ते या टेबलावरच राहतं.

मला ते लगेच पटलं. बाबांच्या बाजारातला नियम इथं पुस्तकात निघाला होता.

माझा जोडीदार होता विलास. मी उमरीहून गाडीत बसायचो, तो मुदखेडला चढायचा. मी दस्ती टाकून त्याची जागा धरून ठेवायचो आणि त्या जागेसाठी रोज कुणाशी तरी माझी हमरीतुमरी व्हायची. विलास चढला की हसत त्याच माणसाला हुळा, म्हणजे भाजलेला ओला हरभरा द्यायचा आणि भांडण मिटायचं. असा होता तो. मी आग, तो पाणी. वर्गातले म्हणत, यांना एका बाकावर बसवा, चहा होतो. वर्षभर आळीपाळीनं तो प्रयोगकर्ता आणि मी प्रयुक्त, मग मी प्रयोगकर्ता आणि तो प्रयुक्त. त्याच्यासमोर मी दिवे बघून बटणं दाबली, अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली, शब्द ऐकून मनात येईल तो शब्द बोललो. एवढ्या गोष्टी मी सख्ख्या भावालाही सांगितल्या नव्हत्या.

शब्दांचा प्रयोग झाला त्या दिवशी विलासनं माझ्या हाताकडे बोट दाखवलं. "दिगू, तुला एक माहीत हाय का? तू अडकला ना, की तुझा अंगठा मुठीत जातो. डावा असो, उजवा असो. तोंडावर काही दिसत न्हाई, लई पक्का हायेस तू. पण अंगठा आत."

मी बघितलं. खरंच अंगठा आत होता. अठरा वर्षं तो हात घेऊन फिरत होतो, मला माहीत नव्हतं. मॅडमनी विलासच्या निरीक्षणाला सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली, माझं नाव न घेता. मलाही अभिमान वाटला. आपला मित्र हुशार, त्याचा अभिमान. परतीच्या गाडीत तो म्हणाला, "ती बोटांची भाषा शिकव की मला." मी दस्ती टाकली आणि मुदखेड येईपर्यंत त्याला बोटं शिकवली. समोरची एक म्हातारी म्हणाली, "काय रे पोरांनो, एकमेकांचा सौदा करून राहिले का?" आम्ही पोट धरून हसलो.

तेव्हाही हेच दिवस होते. परीक्षा तोंडावर, हरभरा सोंगणीला. आमच्या घरच्या गाईचे दोन लालकंधारी गोऱ्हे होते. आईनं त्यांना घरचा घास भरवून वाढवलं होतं. जोडी अशी जुळली होती की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. बाबांनी ती बाजारात काढली. हेडी आपल्या घरच्या जनावराचा सौदा आपल्या हातानं करत नाही. माया बोटात उतरते म्हणतात. त्या सकाळी बाबांनी खांद्यावरची दस्ती काढून माझ्याकडे दिली.

"आज हात तुझा," एवढंच म्हणाले.

लग्नात मला फेटा बांधला तेव्हाही मी तितका मोठा झालो नव्हतो.

घेणारा मुदखेडकडचा, भरदार, जाड बोटांचा. आम्ही लिंबाखाली बसलो. बाबांनी कुठवर उतरायचं ते कानात सांगून ठेवलं होतं आणि ते वीस पावलांवर पाठ करून उभे राहिले होते. दस्ती पडली. वर तो मला कॉलेजचं विचारत होता, जेवणाखाण्याचं विचारत होता. खाली त्यानं भाव दाबला, मी वाढवून दाबला. माझ्या तोंडावरची रेघ हलत नव्हती. मला वाटत होतं मी बापाचा बेटा आहे. एकच गोष्ट विचित्र वाटली. त्याची करंगळी सारखी माझ्या अंगठ्यावर येऊन बसत होती. वाटलं, जाड हात आहे, अडचण होत असेल.

उतरत उतरत मी बाबांच्या शेवटच्या आकड्यापाशी आलो. तिथं तो हसला आणि थांबला. मग कितीही दाबा, त्याची बोटं पुढं सरकेनात. जोडी गेली ती नेमक्या त्या शेवटच्या आकड्यावर. बाजारातला कुणीही सांगेल, शेवटचा आकडा हा विकण्यासाठी नसतोच, तो फक्त पाठीशी असतो.

नंतर चहाच्या टपरीवर तो खुशीत आला. बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पोरगं तुमचं पक्कं हाय, हेडी. तोंड तर दगडाचं. पण आमचा भाचा बी काही कमी न्हाई. तो म्हणला, मामा, तोंड बघूच नको, अंगठा आत गेला का तेवढं बघ. आत गेला की त्याच्यामागं काही उरलं न्हाई."

बाबा बशीत चहा ओतत होते. ओतायचे थांबले. "कोणचा भाचा?"

"विलास. नांदेडला शिकतो. तुमच्या पोरासंगंच हाय की."

बाबा त्याला एक शब्द उलटा बोलले नाहीत. सौदा झाला होता. त्यांनी माझ्या हातातली दस्ती घेतली, झटकली, घडी केली आणि आपल्या खांद्यावर टाकली. घरी जाताना गाडीवाटेला एकदाच बोलले, "तू त्याला हात दाखवला व्हय?"

 माझा अंगठा कुठं होता ते मला बघायची गरज नव्हती.

बाबा होते तोवर पुन्हा कधी त्यांनी माझ्या हातावर दस्ती टाकली नाही. रागावले नाहीत. बाजाराला नेत, ओळख करून देत, जेवू घालत. सौद्याची वेळ आली की मात्र म्हणत, "दिगू, जरा बैलांना पाणी दाखव." जोडी गेल्याचं दुःख आईनं वर्षभरात विसरून टाकलं. त्या पाणी दाखवण्याचं दुःख माझ्याजवळ आहे.

दुसऱ्या दिवशी मुदखेडला विलास गाडीत चढला. त्या दिवशी मी जागा धरली नव्हती.

"अरे, मामानं विचारलं कॉलेजात काय शिकवतात," तो म्हणाला, "मी सहज सांगितलं. उदाहरण म्हणून. तुझं नाव बी घेतलं न्हाई."

"नाव कशाला लागतं? बाजारात समोर बसला कोण होता?"

"मला काय ठाव तू हात देणार हायेस. तुझे बाबा देतील वाटलं."

"माझ्या बाबाचा अंगठा आत जातो का रे?"

तो गप्प बसला. ज्याला खरंच माहीत नव्हतं तो लगेच बोलला असता. सौद्यात मी हजारो माणसं बघितली आहेत. उशिरा आलेलं उत्तर म्हणजे घासाघीस झालेलं उत्तर. मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. तो शर्ट नीट करत पुन्हा म्हणाला, "सहज बोललो रे, दिगू. सहज."

हा शब्द मला आजही चालत नाही. आडतीवर कुणी 'सहज आलो होतो' म्हणालं की मी त्याला विचारतो, काय काम हाय ते बोला. सहज कुणी काही देत नाही. मामाच्या घरी त्याला त्या दिवशी शाबासकी मिळाली असेल, मॅडमनी दिली तशीच. त्या शाबासकीसाठी त्यानं मला दिलं. चोरी केली असती, भांडला असता, तर मी केव्हाच विसरलो असतो. पण मी स्वतः त्याच्यापुढं हात ठेवला होता, आणि त्यानं तो तिसऱ्याच्या हातात दिला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी एकटाच गेलो. सगळे जोडीनं आले होते. मॅडमनी माझ्या मागं बघितलं.

"प्रयुक्त कुठंय?"

"न्हाई."

"विलास बाहेर उभा आहे. तुमच्यासाठी थांबलाय म्हणतो."

"मग त्याला जायला सांगा."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "प्रयुक्ताशिवाय मला तुम्हाला बसवता येत नाही हो," म्हणाल्या. मी नमस्कार केला आणि जिना उतरलो. विलास व्हरांड्यात होता. एक पाऊल पुढं आला. मी त्याच्या अंगावरून चालत गेल्यासारखा गेलो. माझं कॉलेज त्या जिन्यावर संपलं.

लातूरला आलो, दुसऱ्याच्या आडतीवर पोत्यांना सुतळी शिवली, काटा धरला, मग काट्यामागं बसलो, आणि हळूहळू माझ्या नावाची पाटी लागली. धंदाही मी बघून निवडला. यार्डात बोली उघड्यावर होते, ढिगाभोवती उभं राहून, सगळ्यांच्या कानादेखत. कापड नाही, हात नाही. मी ओरडतो, भांडतो, माझ्यासारखा चिवट माणूस या पेठेत नाही असं माझे दुश्मनही सांगतात. पण माझा एकही फोटो असा नाही की ज्यात माझे हात दिसतात. सुरेखा म्हणते, लग्नात कंकण बांधायला भटजीला माझी मूठ सोडवावी लागली होती.

विलास प्राध्यापक झाला. मानसशास्त्राचाच. दोन वर्षांपूर्वी क्लासच्या गल्लीत त्याचा फ्लेक्स लागला होता, पालकांसाठी व्याख्यान. केस पांढरे, हसू तेच हुळा वाटणारं. खाली लिहिलं होतं, 'मुलांचा विश्वास जिंका.' मी स्कूटर थांबवून ते वाचलं. मागचा रिक्षावाला म्हणाला, "काका, लग्नाचा हाय का बॅनर? इतकं काय वाचून राहिले?" मी त्याच्याशी भांडलो. कुणाशी तरी भांडायला हवंच होतं.

गच्चीवरून खाली आलो तेव्हा प्रणिता झोपली होती. सकाळी मी तिला म्हणालो, "चल." तिनं आनंद दाखवला नाही. डब्यासाठी भाकरी बांधत म्हणाली, "पांढरा शर्ट घालू नका, धूळ दिसते."

शब्दांचा प्रयोग आहे, तिनं वाटेत सांगितलं, आणि मी तिथंच ठरवलं. शब्द आला की लगेच काहीतरी फेकायचं. मी सौद्याचा माणूस, मला कोण पकडणार. प्रयोगशाळा खालच्या मजल्यावर होती, पंखे नवे, घड्याळाच्या जागी मोबाईल. टेबल मात्र तसंच. पलीकडे माझी मुलगी, चेहरा परक्यासारखा केलेला.

"मी एक शब्द सांगेन. मनात येईल तो पहिला शब्द तुम्ही सांगायचा," ती मला म्हणाली, जणू आम्ही आजच भेटलो.

"पाऊस."

"सोयाबीन."

"रस्ता."

"खड्डे."

शेजारच्या टेबलावरची पोरगी हसली. प्रणिता हसली नाही.

"आई."

"भाकरी."

"मित्र."

माझ्याजवळ शब्द होते. हात, चहा, शाळा, काहीही चाललं असतं. एकही बाहेर येईना. मोबाईलवरचे आकडे पळत होते, वर पंखा फिरत होता, आणि मला गाडीतल्या हुळ्याचा जळका वास आला. मी खाली बघितलं नाही, पण प्रणितानं बघितलं. तिची नजर माझ्या हातावर गेली आणि तिथं थांबली.

"मुदखेड," मी म्हणालो.

तिला मुदखेडचं काही माहीत नाही. आमचं तिथं कुणी नाही. कुणीही विचारलं असतं, मुदखेड का म्हणून. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा शब्द सांगितला. "दिवा." मी म्हणालो, "तेल." प्रयोग पुढं गेला. परत येताना स्कूटरवर ती मागं बसून पुढच्या पेपरचं बोलत होती. मी वाट बघत होतो. तिनं विचारलं नाही.

संध्याकाळी सुरेखानं ताटं वाढली. वरणाला आज तिनं मुद्दाम लसणाची फोडणी दिली होती. "काय गं," ती हसत म्हणाली, "काय काय बोलले हे? काय हाय यांच्या मनात ते मला पंचवीस वर्षांत कळलं न्हाई, तुला तरी घावलं का?"

प्रणितानं भाकरी मोडली. "झालं छान."

"छान म्हणजे? कुठं अडकले का?"

"आई, ते सांगायचं नसतं."

"मी काय परकी हाय? सहज विचारलं."

तो शब्द ऐकून माझा घास थांबला. मग माझ्यातल्या हेड्याच्या पोरानं डाव टाकला. मी अगदी हलक्या आवाजात म्हणालो, "सांग की आईला. माझी काही हरकत न्हाई."

प्रणितानं माझ्याकडे बघितलं. "तुमची नसेल, पप्पा. माझी आहे," ती म्हणाली, आणि वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली. "मीठ बघा, कमी वाटतंय."

सुरेखा कुरकुरली, हसली, आणि बोलणं दुसरीकडे वळलं. मी मीठ घेतलं. अठरा वर्षांची पोर, तोंडात घास, समोर विचारणारी सख्खी आई. तिला काही कष्ट पडले नाहीत, शपथ घ्यावी लागली नाही. नुसती गप्प बसली, आणि जेवत राहिली.

म्हणजे इतकंच करायचं होतं. इतकं सोपं होतं ते, विलास.